ताडोबाच्या वेशीवरचं गाव: वीज, पाणी आणि कचऱ्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ताडोबाच्या बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका गावात आमच्या घराला लागून तीन खोल्या आहेत. पाहुणे येतात, जेवतात, पहाटे सफारीच्या उघड्या जिप्सीत बसून जंगलात जातात. शिवाय काही वर्षांपासून मी गावच्या पाणी समितीत आहे. त्यामुळे प्रश्न दोन्हीकडून येतात. पाहुणे विचारतात, "एसी का बंद पडला?" आणि होमस्टे काढायच्या विचारात असलेले आसपासच्या गावांतले लोक विचारतात, "पाणी पुरेन का जी?" तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

तुम्ही गावाला सारखं 'बेट' का म्हणता? समुद्र तर कुठल्या कुठे.

समुद्र नाही, पण जंगल आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प कोअर आणि बफर मिळून साधारण १,७२७ चौरस किलोमीटर. त्याच्या कडेला गाव आणि बाहेर पडायला एकच धड रस्ता. सिलिंडर, बर्फ, बाटलीबंद पाणी, कोंबड्या, गाद्या सगळं त्याच रस्त्याने आत येतं. बाहेर मात्र जवळजवळ काहीच जात नाही. येतं ते इथेच राहतं, हीच बेटाची खरी खूण.

दुसरी खूण म्हणजे पर्यटनावर चालणारी चूल. गिर्‍हाईक येतं एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हा पानवठे आटतात आणि वाघ उरलेल्या पाण्यावर हमखास दिसतो. म्हणजे ज्या कारणाने पाहुणा येतो, त्याच कारणाने आमची विहीर तळाला गेलेली असते. हे ज्याला कळलं त्याला पुढची सगळी उत्तरं अर्धी कळली.

खऱ्या बेटांवर हे प्रश्न कसे सोडवले?

जवळचं उदाहरण घारापुरीचं. एलिफंटा लेणी बघायला रोज बोटी भरून लोक जायचे, समोर मुंबई झगमगायची आणि बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा. फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालून साधारण साडेसात किलोमीटर केबल टाकून तिथे महावितरणची वीज पोहोचली. लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५मध्ये दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प सुरू झाला. समुद्राचं वरचं पाणी गरम आणि खोलवरचं थंड. वरच्या पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची, ती खालच्या पाण्याने थंड करायची की झालं पिण्याचं पाणी. आपल्याकडे समुद्र नसल्याने हा उपाय आपल्या कामाचा नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट झाली: कोणीतरी मान्य केलं की इथला खर्च माणशी हिशेबात बसणार नाही, तरी करायचा.

चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. ते शेजारी असून तुमची लाइन का जाते?

हा प्रश्न मला नागपूरच्या पाहुण्यांनी जितक्या वेळा विचारला, तितक्या वेळा लाइन गेलेलीच होती. वीज केंद्र शेजारी असण्याचा आणि घरात बल्ब लागण्याचा संबंध फार लांबचा आहे. तिथली वीज चारशे केव्हीच्या मनोऱ्यांवरून राज्यभर जाते. गावात येते ती अकरा केव्हीची लाइन, कुठल्यातरी उपकेंद्रातून निघून, साग-बांबूतून खांबाखांबाने. एप्रिलमध्ये अवकाळीचं वादळ सुटलं की एखादी फांदी तारेवर पडते. ती कुठे पडली ते शोधायला लाइनमन भाऊ जंगलातून चालत जातो. रात्री कोणी त्याला पाठवत नाही, आणि पाठवूही नये. म्हणून संध्याकाळी सातला गेलेली लाइन सकाळी दहाला येते, यात कोणाचा आळस नसतो. उघड्या तारांऐवजी गुंडाळलेली केबल टाकली तर फांदीचा त्रास बराच कमी होतो, आणि तारेला चिकटून मरणारी माकडंही वाचतात. मागणी करायची असेल तर 'लाइट द्या' अशी मोघम करू नका, ही करा.

दुसरी अडचण डीपीची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरची. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खातो. गावच्या डीपीची ताकद ६३ केव्हीए असेल तर चाळीस एसी एकदम लागल्यावर पिठाच्या गिरणीला आणि नळयोजनेच्या मोटारीला काय उरतं, ते तुम्हीच बघा. मोठ्या रिसॉर्टने स्वतःची डीपी घ्यावी, हे बोलायला आमच्याकडे लोक अजून कचरतात. कारण पोरं तिथेच कामाला आहेत.

छतावर सोलर बसवलं की लाइन जाण्याची कटकट संपते ना?

नाही. याच गैरसमजात सगळ्यात जास्त लोकांचे पैसे अडकलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सबसिडीत मिळतं ते बहुतेक वेळा लाइनला जोडलेलं सोलर. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, बिल खरंच कमी होतं, सौदा चांगला आहे. पण महावितरणची लाइन गेली की तुमचं सोलरही बंद पडतं. भर दुपारी, डोक्यावर ऊन आणि पंखा बंद! हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. वर खांबावर लाइनमन काम करत असताना तुमच्या छतावरून तारेत वीज गेली तर तो जागीच जाईल. म्हणून लाइन गेली की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. या सोयीचं तांत्रिक नाव 'अँटी-आयलँडिंग', म्हणजे घराला एकट्याचं बेट होऊ न देणं. आमच्या गावाला बेट करून ठेवलंय आणि इन्व्हर्टर म्हणतो बेट होऊ देणार नाही. आता काय बोलायचं.

लाइन नसतानाही चालणारं हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरी महाग, आणि आमच्या उन्हात तिचं आयुष्य घटतं. ती वापरायचीच तर घरातली सगळ्यात थंड भिंत तिला द्या, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका.

मी काय केलं? दिवे, पंखे आणि मोबाइल चार्जिंग एवढ्यापुरती लहान बॅटरी ठेवली. आणि मोटार वेगळ्या पॅनलवर थेट, बॅटरीविना. ऊन आहे तोवर पाणी वर चढतं, पाच हजार लिटरच्या टाकीत साठतं. वीज साठवायची तर हजारो रुपये जातात, पाणी साठवायला सिमेंटची टाकी पुरते. वनविभागाचे जंगलातले पानवठेही असेच सौर पंपांवर भरले जातात. त्यांना पाहूनच मला हे सुचलं, अक्कल माझी नाही.

एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. तीन किलोवॅटचे बारा. एका खोलीचा एसी रात्रभर चालला की त्यातले आठ-दहा गेले. शिवाय पॅनल तापलं की उत्पादन पडतं. मेमध्ये काच हाताला चटका देते तेव्हा कागदावरच्या आकड्यातून दहा-पंधरा टक्के वजा करूनच चाला. आणि धूळ पुसा. पहाटे, ओल्या फडक्याने. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

मग खोलीत एसी लावू की कूलर?

कूलर. आमची हवा एप्रिल-मेमध्ये इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांचा साधा कूलर खोली झकास गार करतो आणि वीज खातो दोनशे वॅटच्या आसपास. पण तो पाणी पितो. आमचा मोठा कूलर मेच्या दिवसात दीड-दोन टाक्या सहज रिचवतो, म्हणजे शंभरावर लिटर. विजेचे वाचवलेले पैसे पाण्यात जातात, अक्षरशः. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मात्र कूलर नुसता चिकचिक करतो. त्या पंधरा दिवसांत आलेला पाहुणा नाराज होणार, हे धरून चाला.

पाहुण्यांसाठी पाणी किती धरायचं?

जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. टाकी, पाइप, मोटार सगळं त्यावर ठरतं, आणि माणसं मोजली जातात ती गावात राहणारी. पाहुणा या यादीत नाही. तो दोन वेळा शॉवर घेतो, फ्लश ओढतो, त्याची चादर-टॉवेल रोज धुवायला जातात, त्याच्या खोलीत कूलर चालतो. माझ्या तीन खोल्यांचा मी एक उन्हाळा वहीत हिशेब ठेवला: टाकी किती वेळा भरली, किती माणसं झोपली. माणशी अडीचशे लिटरच्या खाली आकडा गेला नाही, आणि आमच्याकडे ना पूल ना लॉन.

एका गावकऱ्याच्या पाण्यात पाहुण्याचा चौथा हिस्साही भागत नाही, असा याचा अर्थ. सरकारी योजना चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ती गावकऱ्यासाठीच आहे आणि तशीच राहावी. चूक तिथे होते, जिथे नळाचं पाणी पाइप जोडून गुपचूप खोल्यांच्या टाकीत वळवलं जातं. त्यावर समितीत भांडणं झालीत, मीही आवाज चढवलाय. शेवटी ठरलं की व्यवसायाला नळजोडणी घरगुती नाही, मीटर लावून. वरचं पाणी स्वतःच्या बोअरचं किंवा टँकरचं.

बालदी-मगा ठेवा. माझ्या एका खोलीत शॉवरच नाही. आधी लाज वाटायची. आता पुण्याची एक ताई दर वर्षी तीच खोली मागते. म्हणते, आजीच्या घरची आठवण येते.

समोर इरईचं एवढं पाणी दिसतं, ते का घेत नाही?

मोहर्लीच्या बाजूला उभं राहिलं की हा प्रश्न पडतोच. इरई धरण वीज केंद्रासाठी आणि चंद्रपूर शहराच्या पाण्यासाठी आहे. त्या पाण्याचं वाटप आधीच झालेलं आहे, आणि काठावर राहतो म्हणून ते आपलं होत नाही. शिवाय उन्हाळ्यात काठ मागे सरकतो. फेब्रुवारीत टाकलेला पाइप मेमध्ये चिखलात पडलेला असतो. आणि ते कच्चं पाणी. गाळून, क्लोरिन घालून प्यायचं तर मग रीतसर योजनाच हवी.

बोअरचं पाणी गोड लागतं. तेच प्यायला दिलं तर?

आधी तपासून घ्या. आमच्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी भूजलात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्यापुढे दातांवर डाग, मग हाडांची दुखणी. ते चवीने कळत नाही. आणि उकळून जात नाही. उलट पाणी आटून ते घट्ट होतं, हे नवख्यांना पटवताना नाकी नऊ येतात. आरओने जातं, पण एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडतं. ते गटारात सोडू नका. पिण्यास नाही, पण फरशी आणि जिप्सी धुवायला छान आहे. पाहुण्याला काचेच्या बाटलीत भरून ठेवा, वीस लिटरचा जार वऱ्हांड्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या बाटल्या निम्म्याने कमी होतात. पुढचा कचऱ्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

स्विमिंग पूल बांधू का?

दहा मीटर लांब, पाच रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल म्हटलं तरी साठ हजारांहून जास्त लिटर. गावच्या मापाने अकराशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. मेमध्ये दिवसाला एक सेंटीमीटर जरी उडालं तरी रोज पाचशे लिटर आणखी. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही बांधला.

संडासाचं सांडपाणी कुठे जातं?

जमिनीत. गटार योजना नाही, म्हणजे प्रत्येकाची आपापली टाकी. घरच्या माणसांसाठी दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं तसाच सोडायचा, आत कोरडं सोनखत होतं. पाहुण्यांच्या गर्दीला मात्र तो पुरत नाही. सेप्टिक टँकच हवी, मध्ये भिंत असलेली, दोन कप्प्यांची, आणि पुढे शोषखड्डा. विहिरीपासून लांब, आणि उताराच्या खालच्या बाजूला.

ही 'मध्ये भिंत' मी शिकलो ती वासाने. पहिली टाकी बांधणाऱ्याने ती घातलीच नव्हती, आणि मीही आत डोकावून पाहिलं नव्हतं. मेचा शेवटचा आठवडा, तिन्ही खोल्या भरलेल्या, आणि दुपारी झाकणाच्या कडेने काळं पाणी वर आलं. शेजारची म्हातारी आजी ओट्यावरून बोलली, "बापू, तुह्या पाव्हन्यांनं आता आमालेच हाकललं." तिच्या विहिरीपासून ते पाणी वीस पावलांवर होतं. मैला उपसायची गाडी शहरातून यायला दोन दिवस लागले. पाइपात काय अडकलं होतं? ओले टिश्यू, पाकिटातून निघणारे. ते पाण्यात विरघळत नाहीत, कापडासारखे राहतात. आता प्रत्येक संडासात झाकणाची बादली आहे आणि दारावर पाटी.

टाकीत माणूस उतरवू नका. कोणी 'मी उतरतो' म्हटलं तरी नाही. सुरक्षा साधनांशिवाय उतरवायला २०१३चा कायदा बंदी करतो, आणि आतल्या वायूने माणूस काही क्षणांत कोसळतो. उपसणाऱ्या गाडीची वाट बघा, हंगामाच्या आधीच, मार्चमध्ये बोलवा.

कचरा नेमका कशाचा होतो?

एकदा सफारीच्या गेटवरून परत आलेलं नाश्त्याचं एक पार्सल मी अंगणात उघडून बघितलं. आत: फॉइलचा डबा, त्यात अर्धं सँडविच. उकडलेलं अंडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. सॉसच्या दोन पुड्या, एक न उघडलेली. ज्यूसचा खोका, त्याला चिकटलेली स्ट्रॉ. चमचा. तीन टिश्यू. केळ्याची साल. पाण्याची अर्धी बाटली. एका माणसाचा, साडेपाच ते दहा, एवढ्या वेळाचा हा ऐवज. पहाटे रांगेत किती जिप्स्या असतात आणि एकेका जिप्सीत किती माणसं, त्याने गुणा.

यातलं केळं आणि अंडं खड्ड्यात जातं. बाटली भंगारवाला घेतो. बाकी सगळं अडतं. चिप्स, सॉस, गुटखा, शाम्पूच्या पुड्या म्हणजे प्लॅस्टिक आणि धातूचे थर चिकटवलेले. ते भंगारवाला फुकटातही उचलत नाही. १ जुलै २०२२पासून प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, कप, स्ट्रॉ देशभर बंद आहेत, पण पुडी आणि पाण्याची बाटली त्या यादीत नाही.

मी पार्सल बंद केलं. स्टीलच्या डब्यात पोहे, वेगळ्या लहान डबीत तर्री, वर कांदा-लिंबू. डबा ड्रायव्हर भाऊ परत आणतो. वर्षभरात तीन डबे हरवले. फॉइलच्या खर्चापेक्षा हे स्वस्त पडलं.

मग ते न विकलं जाणारं जातं कुठे?

प्लॅस्टिक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली. आधी ती शहरांपुरती होती. जबाबदारी आली, ट्रॅक्टरचं डिझेल आलं नाही. आपल्या जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या भट्टीत चौदाशे अंशांवर असा कचरा कोळशाबरोबर जाळता येतो, आणि तो घेतातही. पण सुका हवा, निवडलेला हवा आणि गाडीभर हवा. एका गावाचा महिन्याचा कचरा गाडीभर होत नाही. चार-पाच गेटगावांनी एकत्र शेड केली, गठ्ठे बांधले तरच हे जमतं. आमच्याकडे याची दोनदा बैठक झाली. शेड कोणाच्या गावात, यावरच दोन्ही अडल्या.

जाळून टाकलं तर?

नका. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम असतो आणि सागाची पानं पायाखाली कुरकुरत असतात. धुराचा विषारीपणा आहे तो वेगळाच.

उरलेलं अन्न मागे टाकतो, कुत्री खातात. वाया तर जात नाही!

उष्ट्यावर कुत्री आणि रानडुकरं येतात, कुत्र्यामागे बिबट्या. अस्वलालाही गोड वास लागतो. ही साखळी गावात एकदा सुरू झाली की तुमच्या अंगणात खेळणाऱ्या पोरापर्यंत येते. झाकणाचा खड्डा, वरून माती, संध्याकाळच्या आत. हॉटेलच्या मागच्या दारी उघडं ठेवलेलं पातेलं मला वाघापेक्षा जास्त भीती दाखवतं.

शेतात तारेत करंट सोडतात तो सोलरचाच का?

नाही, आणि हा फरक जिवाचा आहे. सौर कुंपणात क्षणभर झटका बसतो, जनावर मागे फिरतं. लाइनवरून आकडा टाकून सोडलेला करंट सलग असतो, तो डुकराला मारतो, वाघाला मारतो, पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही मारतो. गुन्हा तर आहेच. शेताला रात्रीची वीज मिळाली की माणूस रात्री ओलिताला जातो. म्हणून दिवसाच्या विजेची मागणी इथे सोयीची नाही, जिवाची आहे.

या सगळ्याला पैसा कोण देणार? पाहुण्याकडून घ्यायचा का?

माझं मत: घ्यायचा, आणि खाटेमागे घ्यायचा. पंचायतीला येणारा निधी मुख्यतः लोकसंख्येवर येतो, आणि पाहुणा जनगणनेत आमच्या गावात नसतो. त्याचा कचरा असतो. रिसॉर्टची घरपट्टी येते, पण ती बांधकामावर, गर्दीवर नाही. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, पाहुणे पळतील. सफारीला, गाडीला, खोलीला हजारो रुपये देणारा माणूस खाटेमागे वीस-तीस रुपयांना पळत नाही. पळतो तो हॉटेलमालकाचा हिशेब, कारण खाटा किती ते मग कागदावर येतं.

यायला सगळ्यात चांगला वार कोणता?

मंगळवार सोडून कोणताही. मंगळवारी सफारी बंद असते. त्या दिवशी आम्ही टाक्या घासतो, पॅनल पुसतो, आणि सुक्या कचऱ्याची पोती ट्रॅक्टरवर चढवतो. कोणी त्या दिवशी आलंच तर पोतं धरायला एक हात कमीच असतो, जेवण आमच्याकडून.